महाराष्ट्रात गेलेले तेवीस बुंधे

हिडकलच्या धरणातले तेवीस बुंधे मी महाराष्ट्रात नेऊन ठेवले. कुणाला न विचारता, एका रविवारी, जेवणं झाल्यावर, पलंगावर लोळत. धरण बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. बुंधे त्याच्या पाण्याखाली, आणि ते अजून जागचे हललेले नाहीत. आमच्या या सीमेवरच्या भागात अशी वाक्यं जपून बोलावी लागतात, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, या धरणात मासे धरतात. त्यांच्या वडिलांचं रान धरणात गेलं. शेत पाण्यात गेल्यावर दाजी शेतामागून पाण्यात गेले, इतकंच. चौदा फुटी पत्र्याची होडी, दोन वल्ही आणि एक जाळं. हे जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला शिसं. उन्हं कलताना सोडायचं आणि सकाळी उचलायचं. यंदा अलीकडच्या काठाला मासा कमी झाला म्हणून त्यांनी पलीकडचा काठ धरायचा ठरवला. तिकडे मासा होता, पण तळ अनोळखी. धरण बांधताना तिथली झाडं तोडली होती, ती मुळासकट नव्हे. कमरेएवढे बुंधे तसेच ठेवले होते. जाळ्याची खालची दोरी त्यात अडकली की जाळं फाटतं, नाहीतर तिथंच राहतं. गेल्या हंगामात तिकडे नुसतं बघायला म्हणून गेलेल्या दाजींची दोन जाळी तशी राहिली.

तिसरं जाळं आक्कानं हिवाळाभर सोप्यात बसून बांधलं. गोळे तिनं ओवले, शिसं तिनं बसवलं, आणि शेवटची गाठ मारताना अटही तिनंच घातली.

"ह्ये जर गेलं, तर होडी इकायची. आनी तुमी माझ्या भावाच्या कंपनीत वॉचमन म्हणून जायाचं. सावलीत खुर्ची मिळती."

माझी कंपनी बेळगावाजवळ मच्छेला. तिथं वॉचमनची जागा खरोखरच रिकामी होती, आणि ही बातमी आक्काला मीच दिली होती. दाजी म्हणाले, "खुर्चीवर बसून राखायचं काय? गेट काय पळून जातंय व्हय?"

मी मध्ये पडलो. मी मध्ये पडलो की साधारण काय होतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दाजी घरचेच असूनही आशा सोडत नाहीत. मी त्यांना म्हणालो, "पाण्याखालचं दाखवणारं यंत्र मिळतंय. फिशफाइंडर. त्यातच जीपीएस असतंय. आपण घेऊया."

हे यंत्र म्हणजे एक छोटा पडदा आणि त्याला तारेनं जोडलेली साबणाच्या वडीएवढी वस्तू. वडी पाण्यात बुडवायची. ती तळाकडे आवाज सोडते, आवाज परत येतो, आणि त्यावरून पडद्यावर खोली दिसते, तळाचे चढउतार दिसतात, मध्ये मासा असला तर तोही दिसतो. जीपीएस आपण कुठं आहोत ते सांगतं, आणि एखाद्या जागेची खूण करून ठेवली की परत तिथं आल्यावर ती खूण दाखवतं. हे सगळं मी दाजींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोटं मोडत तीन गोष्टी मागितल्या.

"पानी किती हाय त्ये सांगिटलं पायजे. उन्हात दिसलं पायजे. आनी एकदा दावलेली जागा फुडच्या खेपंला दावली पायजे. मासं नाय दावलं तरी चालतंय. मासं मी बघतो."

यंत्र निवडण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही हे मला आज कळतं. तेव्हा मी कंपनीतल्या तपासणी विभागाचा माणूस होतो, अजूनही आहे. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक आला तरी मी माल परत पाठवतो. मशीनवरची पोरं मला काय म्हणतात ते मी इथं लिहीत नाही. अशा माणसाला तीन गोष्टी पुरत नाहीत. मी चौकटीचा कागद घेतला, अकरा रकाने आखले आणि महिनाभर मोबाइलवर परक्या लोकांचे व्हिडिओ बघितले. त्यातल्या एकाची होडी आक्काच्या घराहून मोठी होती. तो गृहस्थ पडद्यावर मासा बघून इतका आनंदायचा की मलाही सोफ्यावर बसून गळ टाकल्यासारखं वाटायचं.

पहिला उमेदवार म्हणजे मोसंबीएवढा एक चेंडू. दोरीला बांधून पाण्यात फेकायचा, आणि तो चित्र थेट फोनवर पाठवतो. सगळ्यात स्वस्त. मी दाजींकडे मोठ्या उत्साहानं गेलो.

"फोन कुनाचा?" दाजींनी विचारलं.

"तुमचा."

दाजींनी कनवटीचा फोन काढून माझ्यापुढे धरला. त्याला बटणं होती, आणि त्यातलं पाचाचं बटण नव्हतं. चेंडू बाद झाला.

बेळगावात असलं काही मिळत नाही. शहापुरातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं मला गाडी मागे घेताना पिपाणी वाजवणारं यंत्र दाखवलं आणि "ह्येबी आवाजावरच चालतंय" असं सांगितलं. तत्त्व बरोबर होतं. शेवटी घाट उतरून गोव्याला गेलो. तिथल्या दुकानदारानं काउंटरवर ताटाएवढा पडदा ठेवला.

"बोट किती फुटांची?"

"चौदा."

"इंजिन कोणतं?"

"दाजी," मी म्हणालो.

त्यानं ताट उचललं आणि आत ठेवलं. मी आग्रहानं परत बाहेर काढायला लावलं, कारण माझ्या कागदावर नकाशाचा रकाना होता आणि या पडद्यात साऱ्या समुद्राचे नकाशे भरलेले होते. दुकानदार समंजस होता. त्यानं बोटानं नकाशा सरकवत सरकवत घाट चढवला, बेळगाव ओलांडलं आणि हिडकलवर आणून थांबवला. तिथं काहीच नव्हतं. सपाट पिवळी जमीन. एवढं मोठं धरण, आणि त्या नकाशात त्याचा एक थेंब नाही.

"तुमच्या पाण्याला हा नकाशा कशाला?" तो म्हणाला. "तुम्ही हे छोटं घ्या. नकाशा नाही, पण खोली दाखवतं, खुणा ठेवतं. बारा व्होल्टच्या कसल्याही बॅटरीवर चालतं."

हे यंत्र तळहाताहून थोडं मोठं. मी ते उन्हात, रस्त्याच्या मधोमध नेऊन बघितलं. दिसत होतं. दाजींच्या घरी औषध फवारायच्या पंपाची बॅटरी होती, ती बारा व्होल्टचीच. दाजींच्या तीन मागण्या या यंत्रात बसत होत्या आणि माझ्या अकरातले आठ रकाने रिकामे राहत होते. मी जड मनानं ते घेतलं. बांधून देताना दुकानदार म्हणाला, "बाहेरून खुणा भरणार असाल तर आधी सेटिंगमध्ये आकडे कसे लिहायचे ते बघून घ्या हां."

"मी क्वालिटीत आहे," मी त्याला सांगितलं.

घरी आल्यावर परीक्षा घेतली ती आमच्या परसातल्या विहिरीत. वडी दोरीनं खाली सोडली. पडदा उजळला. खोली एकवीस फूट, आणि तळाशी सहा मासे. शेजारची चार माणसं गोळा झाली. आमच्या विहिरीत मासे कधी नव्हते. बेडूक आहेत, पण ते एका जागी इतका वेळ बसत नाहीत. बायको आली, पडदा बघितला आणि गळ आणून माझ्या हातात दिला. गळ म्हणजे विहिरीत पडलेली भांडी काढायचा, लोखंडी आकड्यांचा घोस. तासाभरात तीन बादल्या, एक डबा, पंपाचं एक चाक आणि लग्नात आलेली तांब्याची बिंदगी, म्हणजे घागर, वर आली. बिंदगी कुणी पाडली यावर आमच्याकडे बारा वर्षं चर्चा चालू होती. ती चर्चा त्या दिवशी संपली, कारण बिंदगीच्या गळ्यात माझ्या जुन्या लुंगीचं फडकं बांधलेलं होतं. यंत्र उत्तम होतं, एवढं मात्र सिद्ध झालं.

आता खुणा. या बाबतीत माझी कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो. मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि पलीकडच्या काठाला कोसभर तळ उघडा पडतो. आजूबाजूचे लोक त्या गाळात काकड्या, भुईमूग लावतात. बुंधे तेव्हा उघडे दिसतात. ते दिसत असतानाच एकेकाजवळ उभं राहून त्याची जागा फोनवर बघायची आणि वहीत लिहायची. पावसाळ्यानंतर पाणी भरलं की तेच आकडे यंत्रात असणार, आणि होडी बुंध्याजवळ आली की पडद्यावर खूण दिसणार. दाजींनासुद्धा हे पटलं होतं.

तर मी मे महिन्यात, डोक्यावर छत्री, हातात वही, असा दोन दिवस धरणाच्या तळातून हिंडलो. एका बुंध्यापाशी उभा राहून आकडे उतरवत असताना काकडीवाला धावत आला.

"सर्वे एन्री, साहेब्रे?" त्यानं कानडीत विचारलं. मोजणी आहे काय, असं.

माझा घसा कोरडा पडला होता. मी नुसतं "हं" केलं. तो ताकाचा तांब्या आणि चार काकड्या घेऊन आला. मी ताक प्यालो. मी पुढच्या बुंध्याकडे वळल्यावर त्यानं आपल्या पट्ट्याच्या कडेचा दगड दोन हात पलीकडे सरकवला. मला ते दिसलं, पण ते माझ्या विभागात येत नव्हतं. असे तेवीस बुंधे झाले, आणि काकड्या चौदा.

त्यानंतरचा रविवार मी सुरुवातीला सांगितलाच. वहीतले आकडे मी एकेक करून यंत्रात भरले, प्रत्येक आकडा दोनदा तपासला. एकही आकडा चुकला नाही. चुकलं ते निराळंच. आपण साडेआठ वाजले हे 'आठ तीस' असं लिहितो, कारण तासाची मिनिटं साठ असतात. हेच 'आठ पूर्णांक तीस' म्हणून एखाद्या यंत्राला सांगितलं, तर ते आठ तास आणि वर तासाचे तीन दशांश असं समजेल, म्हणजे आठ अठरा. पृथ्वीवरच्या जागेच्या अंशांचंही असंच असतं. माझा फोन अंश आणि मिनिटं सांगत होता. यंत्र सरळ दशांशात मोजत होतं. मी मिनिटं दशांश म्हणून भरली. तेवीस वेळा, दोनदा तपासून.

गणपती झाल्यावर एका दुपारी आम्ही पलीकडच्या काठाला गेलो. दाजी वल्ही मारत होते, मी मांडीवर पडदा घेऊन बसलो होतो. पंपाची बॅटरी पायाशी. नांगर म्हणून मी विहिरीतला गळ दोरीसकट आणला होता. जाळं नवं, पांढरं, अजून पाणी न लागलेलं. काठावरून आक्का म्हणाली होती, "नीट बघून सांग रं." आणि मी नीटच बघत होतो. पडद्यावर एकही खूण नव्हती.

"हितं?" दाजी विचारत.

"मोकळं आहे."

"हितं?"

"सगळं मोकळं. बिनधास्त सोडा."

"लई मोकळं दिसतंय की," दाजी म्हणाले. "उन्हाळ्यात तर हितं रान उभं हुतं बुंध्यांचं."

"ती जागा ही नव्हे. यंत्र सांगतंय की."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी उपग्रहांबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी जाळं सोडलं.

सकाळी उचलायला गेलो. तिसरा हिस्सा जाळं सुरळीत आलं, त्यात पाच-सहा कटले. मग दोरी ताठ झाली. मला वाटलं मोठा मासा. मी तसं म्हणालोही.

"मासा वडतो," दाजी म्हणाले. "ह्ये वडत न्हाय. ह्ये धरून बसलंय."

त्यांनी आणखी ओढलं नाही. वल्हं आडवं ठेवून नुसते पाण्याकडे बघत बसले. वॉचमन, खुर्ची, मच्छे असं कुणी काही बोललं नाही, पण होडीत ते सगळं होतं. मी खुणांची यादी उघडली. प्रत्येक खुणेपुढे ती इथून किती लांब आहे ते लिहिलेलं असतं, हे मी आदल्या दिवशी बघायला हवं होतं. सगळ्यात जवळचा बुंधा पंचवीस किलोमीटरवर होता. पश्चिमेला. फोनवर ती जागा बघितली तर गडहिंग्लजच्या बाजूची एक टेकडी निघाली. तिथं काजू लावलेले होते. इतकी वर्षं इतक्या लोकांना जे जमलं नाही ते मी पलंगावर लोळत केलं होतं: कर्नाटकातले तेवीस बुंधे, विनातक्रार, महाराष्ट्रात.

मी दाजींना हे सांगितलं. एवढ्यासाठी मला माझं थोडं कौतुक आहे. दुसरा कुणी बॅटरी पाण्यात पाडून मोकळा झाला असता.

दाजी रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "खुना ऱ्हाऊंद्या. खाली काय हाय त्ये दावतंय का?"

ते तर पहिल्यापासून दाखवत होतं. खुणा शोधण्याच्या नादात मी पडद्याचा तो अर्धा भाग बघितलाच नव्हता. सतरा फुटांवर सपाट तळ, आणि त्यातून मध्येच उठलेला कमरेएवढा उंचवटा. म्हणजे आदल्या दिवशीही तो दिसलाच असणार. मी खोलीचे आकडे मोठ्यानं वाचू लागलो आणि दाजी वल्ह्याच्या टोकानं होडी वीतभर पुढे, वीतभर मागे करू लागले. "सतरा. सतरा. सोळा. चौदा. थांबा." त्यांनी बुंध्याला पूर्ण वेढा घातला, पलीकडच्या अंगाला आले, गळ सोडला, खालची दोरी आकड्यात धरली आणि ज्या बाजूनं ती अडकली होती त्याच बाजूनं वर उचलली. काहीतरी कर्रकन फाटलं. मग दोरी सैल झाली आणि जाळं यायला लागलं. उरलेलं अख्खं आलं, मध्ये एक भगदाड घेऊन.

दाजींनी भगदाडाकडे बघितलं नाही. त्यांनी पडदा माझ्या मांडीवरून उचलला आणि विचारलं, "ही जागा ठेवायची तर कुठलं बटन?"

मी दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं दाबलं. पडद्यावर, बरोबर आमच्या खाली, एक बारकं निशाण उमटलं. मग ते पडदा स्वतःच्या मांडीवर ठेवून, माझ्या हातात वल्ही देऊन, काठाकाठानं निघाले. दोन तासांत त्यांनी नऊ बुंध्यांच्या खुणा केल्या. माझ्या हाताला फोड आले.

आक्का काठावर मासे निवडायला पाटी घेऊन बसली होती. जाळं उतरवताना तिनं कुणाला काही विचारलं नाही. भगदाड सापडेपर्यंत हातानं सरकवत गेली आणि सापडल्यावर दोन्ही हात त्यातून आरपार घातले.

"फाटलं, पर आलं," दाजी म्हणाले. शाळेत बाकावर उभं केल्यासारखे ते उभे होते. "ह्या मशिनीनं आलं बग. न्हायतर ऱ्हायलं असतं तिथंच."

"आनी अडाकलं कशानं?"

दाजी खोटं बोलत नाहीत. अशा वेळी ते गप्प राहतात आणि माझ्याकडे बघतात.

"खुणा चुकल्या माझ्या," मी म्हणालो.

"कितीनं?"

"पंचवीस किलोमीटर."

आक्कानं हात भगदाडातून काढले. "म्हंजे कुठं गेल्या?"

"गडहिंग्लजकडं."

"तिकडं धरान हाय?"

"न्हाय. काजू हाय."

आक्का जाळ्याकडे परत वळली. भगदाडाच्या कडा जुळवून बघितल्या, किती फासे गेले ते बोटानं चाचपलं. दाजी हलले नाहीत. मला आठवतं, एक बगळा आमच्या पाटीपासून चार हातांवर येऊन उभा राहिला आणि त्यालाही कुणी हाकललं नाही. शेवटी आक्कानं पिशवीतून सुई आणि दोरा काढला.

"चार दिसांत हुतंय ह्ये," ती म्हणाली. "होडी ऱ्हाऊ दे. मशिनबी ऱ्हाऊ दे."

दाजींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मीही सोडणार होतो, तेवढ्यात तिनं सुईत दोरा ओवता ओवता माझ्याकडे बघितलं.

"आनी ती वॉचमनची जागा हाय न्हवं तुझ्या कंपनीत, तिथं तूच बस जा. गेट जागचं हालत न्हाय, तुला सापडंल."